खरी नस

मालिशच्या कामात 'नस' हा शब्द सगळीकडे चालतो. मान आखडली, नस. पोटरीत गोळा आला, नस. सुनेशी भांडून सासूच्या पाठीत कळ आली, तरी नसच. बाई पालथी झोपते, मी अंगठा फिरवते, कुठेतरी घट्ट लागतं आणि मी म्हणते, "इथे नस चढली आहे, मोकळी करून देते." बाई हुंकार भरते. दोघींचंही समाधान होतं. ती नस असते की स्नायू की नुसती दमणूक, हे मी कधी विचारलं नाही आणि कोणी मला विचारलंही नाही.

मी तिरोड्यात राहते. घराच्या पुढच्या खोलीवर 'मसाज थेरपिस्ट, फक्त महिलांसाठी' अशी पाटी आहे, कारण नागपूरला जाऊन मी त्याचा कोर्स केला होता. पण लोक मला मालिशवाली बाईच म्हणतात. काम मी खरं शिकले ते केशोरीला, माझ्या आईकडे. ती गावातल्या बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावायची. मी शेजारी बसून बघायची आणि मोठी झाल्यावर तेच करायला लागले.

हे लिहिते आहे ते अशा कोणासाठी, ज्याच्या अंगावर एक फिकट चट्टा आहे आणि तो बाही खाली ओढून बसला आहे. मीही ओढली होती.

चटका न बसणारा हात

माझा दिवस उजाडायच्या आधी सुरू होतो. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या पाळीवरून मी धावायला जाते. ही सवय पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींनी लावली. त्या पोटऱ्या चोळून घ्यायला माझ्याकडे यायच्या. या एवढ्या दुखवून का घेतात ते बघू, म्हणून एकदा त्यांच्यासोबत गेले आणि मग जातच राहिले. त्यांच्यातल्या काही भरती झाल्या, नव्या आल्या, मावशी तीच. पंजाबी ड्रेस, पायात बूट, समोर वीज केंद्राच्या चिमण्या, आणि पुढे पळणाऱ्या पोट्ट्यांची थट्टा ऐकत मी मागून येते.

धावून आले की अंघोळ, मग सकाळची बाळं. दुपारी घरच्या खोलीत बायका येतात. संध्याकाळी कटरे मॅडमचे गुडघे. मॅडम शाळेतून निवृत्त झाल्या आहेत, एकट्या राहतात, आणि माझ्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक आहेत. त्यांना मालिशपेक्षा बोलायला माणूस हवं असतं, पण गुडघे दुखतात हेही खोटं नाही.

तेल कोमट करायचं, डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हाताने उचलून लावायचं, अशी माझी पद्धत. कधीतरी बायका म्हणायला लागल्या, "बाई, आज तेल गरम आहे." मी म्हणायची, "कुठे गरम?" मला खरोखरच गरम लागत नव्हतं. बायकाच नाजूक झाल्या, असं मी मनात ठरवून टाकलं. बाळांचं तेल मात्र आईने शिकवल्याप्रमाणे उजव्या मनगटावर लावून बघायची सवय होती. त्यामुळे बाळं वाचली, याचं मला आजही बरं वाटतं.

मग एकदा कांदा चिरताना दिसलं, की डाव्या करंगळीवर फोड येऊन फुटला आहे. कधी आला, कळलं नव्हतं. दुखतही नव्हता. मला काळजी वाटायला हवी होती. त्याऐवजी मी तो हात सासूबाईंना दाखवला आणि म्हटलं, "बघा, कष्टाचा हात आहे, चटकाही बसत नाही." त्याही कौतुकाने बघत राहिल्या.

डाव्या हातावर, कोपराच्या खाली, रुपयाएवढा फिकट चट्टाही होता. खाजत नव्हता. मी म्हटलं, शिबं असेल. आणि कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीत एक दोरीसारखं काहीतरी बोटाला लागायचं. दाबलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जायच्या. आता मी मालिशवाली. मला दुसरं काय सुचणार? नस चढली. दररोज टोळीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल घेऊन मी ती नस रगडायला बसायची. जितकी दुखायची तितका जोर लावायची, कारण गिऱ्हाइकांना मी हेच सांगत आले होते, की दुखतंय म्हणजे मोकळी होते आहे.

निदान

आमच्या भागातली आरोग्य खात्याची आशाताई घरोघरी विचारत फिरत होती, कोणाच्या अंगावर चट्टा आहे का. मी नाही म्हणून बाही ओढली. पण आशाताई माझी गिऱ्हाईक. तिला माझे हात रोजचे ठाऊक. तिने बाही सरळ वर सरकवली, बघितलं आणि म्हणाली, "उद्या सरकारी दवाखान्यात ये. मी तिथंच आहो. नाही आली तं मी घ्यायला येईन."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत रहांगडाले सर बसतात. कुष्ठरोगाच्या तपासणीचं काम तेच करतात. खोलीच्या दारावर तसं लिहिलेलं होतं, पण मी ते वाचून न वाचल्यासारखं केलं. सरांनी मला डोळे मिटायला सांगितले. कापसाची वात आणि पेनचं टोक हातावर ठिकठिकाणी लावत गेले आणि जिथे लागेल तिथे बोट ठेवायला सांगितलं. मी बोट ठेवत गेले. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मी डोळे मिटूनच म्हटलं, "सर, लावा ना."

"लावूनच राहिलो," सर म्हणाले.

डोळे उघडून बघितलं तर पेनचं टोक माझ्या करंगळीवर टेकलेलं होतं.

मग त्यांनी कोपराची खोबण चाचपली. मी कळवळले. त्यांनी विचारलं, "इथे कधीपासून दुखते?"

"नस चढली आहे सर. रोज मोकळी करते."

"मोकळी करते म्हणजे?"

"रगडते. तेल लावून."

सरांनी माझा हात खाली ठेवला आणि खुर्चीत मागे टेकले. हसावं की रागवावं, हे त्यांचंच ठरत नव्हतं. "बाई, तुम्ही इतकी वर्षं लोकांच्या आंगात नस शोधून राहिल्या. खरी नस पहिल्यांदा सापडली, तं तिलेच रगडून काढलं?"

आणि मग त्यांनी ते सांगितलं. कुष्ठरोग आहे. नसेला सूज आहे, म्हणून बोटं बधिर झाली. औषध आहे, फुकट आहे, बरा होतो. ते हळू आणि नीट बोलत होते. हे त्यांनी आधी कितीतरी लोकांना सांगितलं असणार. मला त्यातलं निम्मं ऐकूच आलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती.

"सर, मी आज सकाळी बाळाला तेल लावून आले."

 सरांनी खुर्ची पुढे ओढली. "तुमच्यासारख्या थोड्या चट्ट्यांच्या पेशंटकडून दुसऱ्याले लागण होण्याची भीती फार कमी असते. आनं औषध सुरू झाला की तेही राहत नाही. बाळाले काही झाला नसंल. ऐकून राहिल्या का?"

ऐकत होते, पण रडतही होते. डॉक्टरांनी नंतर तपासून तेच सांगितलं, आणि नसेची सूज उतरायला वेगळ्या गोळ्याही दिल्या. हाताला आधाराची पट्टी बांधली. काही आठवडे या हाताने मालिश बंद. आणि नस रगडणं कायमचं बंद, हे सरांनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

घरी येताना मनात एकच होतं. हात बरा झाला तरी लोक त्याच्याखाली आंग देतील का? मालिश म्हणजे शेवटी विश्वासाने पालथं झोपणं. मला दुसरं काही काम येत नाही, आणि खरं सांगायचं तर दुसरं काही करायचंही नव्हतं.

कंबर

माझे मिस्टर विलास भात गिरणीत वायरमन आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, "कोनाले सांगू नोको." मी म्हटलं, हाताला पट्टी दिसते, लोक विचारतील. ते म्हणाले, "टेनिस एल्बो सांग. मोठ्या खेळाडूले होते तो." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गल्लीत मोठ्या तोऱ्याने तेच सांगायला सुरुवात केली. शेजारच्या काकांनी विचारलं, "अरे, पण वहिनी तं पळते ना? मंग टेनिसचा आजार कसा होऊन राहिला?" विलास म्हणाले, "पळता पळता हात हालते ना गा." काका समाधान न होता निघून गेले.

सासूबाईंना काय सांगायचं, हा प्रश्न होता. त्या दरेकसाच्या बाजूच्या, जंगलात वाढलेल्या. टोळीचं तेल, चारोळी, मोह, सगळं अजून तिकडूनच मागवतात. बोलायला एकदम रोखठोक. आम्ही कुजबुजत होतो ते त्यांनी ऐकलं असणार, कारण त्या सरळ माझ्यासमोर येऊन बसल्या.

"महारोग होय का?"

मी मानेनेच हो म्हटलं. 

"माह्या काकाले झाला होता," मग त्या म्हणाल्या. "त्याले वावराच्या पलीकडं झोपडी करून देल्ली होती. मी भात घेऊन जाओ. दगडावर ठेवो आनं मांगं सरको. मंग तो येऊन उचले. गोळ्या नव्हत्या वो तवा."

मला वाटलं, आता ताट-वाटी वेगळी होणार. मी मनाची तयारी केली होती. मी त्यांना दोष देणार नव्हते.

त्या उठल्या, सतरंजी आणली, जमिनीवर टाकली आणि पालथ्या झोपल्या. माझ्या लग्नापासून त्यांनी मला एकदाही अंगाला हात लावू दिला नव्हता. दिवसभर लोकांचं आंग रगडून येतेस, घरी तरी आराम कर, असं म्हणायच्या. आता सतरंजीवरून मान वळवून म्हणाल्या, "घे. माही कंबर धर."

"माय, डाव्या हाताने मना आहे."

"तं उजव्यानं कर. डावा नुसता ठेव."

मी उजव्या हाताने चोळत राहिले आणि डावा नुसता त्यांच्या पाठीवर ठेवला. त्यांची पाठ गरम होती. तळहाताच्या अर्ध्या भागाला ते कळत होतं, अर्ध्याला नाही. थोड्या वेळाने त्या सतरंजीत तोंड खुपसून म्हणाल्या, "त्या काकाले मरेपर्यंत कोनी हात नाही लावला. मी बी नाही." मग आम्ही दोघी रडलो. विलास दारात उभे होते. ते चहा ठेवायला निघून गेले.

गोळ्या, पट्टी आणि नहराची पाळ

आजारपणाचीही एक नोकरी असते. रोजची गोळी, महिन्यातून एकदा दवाखान्यात सरांच्या समोर बसून घ्यायच्या गोळ्या, त्यानंतर लघवी लाल होते तेव्हा घाबरायचं नाही. सुजेच्या गोळ्यांनी चेहरा फुगला आणि भूक अशी लागायची की सासूबाई भाताचं पातेलं माझ्यासमोरून उचलून ठेवायच्या. आमच्या घरच्यांचीही तपासणी झाली आणि त्यांना एकदाच घ्यायचं औषध दिलं. विलास ते घेताना म्हणाले, "घ्या, मलेही टेनिस एल्बो." सर इतके हसले की त्यांना खोकला आला.

दवाखान्यातल्या बाकावर आम्ही चार-पाच जण नेहमी भेटायचो. कोणी कोणाला आजार विचारायचं नाही, सगळ्यांचा तोच. डब्यात काय आणलं, धान लावून झाला का, अशा गप्पा. सिस्टर मला हात पाण्यात भिजवून, तेल लावून बोटं सरळ कशी करायची ते शिकवायच्या. दुसऱ्याचं अंग चोळणं मला येतं. स्वतःचीच वाकडी करंगळी समोर धरली की माझी बोटं भांबावून जायची. सिस्टर म्हणायच्या, "हळू वो, ते गिऱ्हाईक नाही होय."

धावायला मात्र परवानगी होती. पाय शाबूत होते. ते रोज दिवा लावून तपासायचे, एवढी एकच अट. एक हात पट्टीत बांधून धावून बघा कधी. दोन्ही हात हलले तर माणूस सरळ जातो. एक बांधला की अंग वळत राहतं. मी पाळीवरून सारखी उजवीकडे झुकायची आणि एकदा तर धानाच्या बांधीत, म्हणजे शेतातच उतरले. पोट्ट्या हसून लोटपोट झाल्या. त्यांनी मग मला मधोमध घेतलं आणि आपण दोन्ही बाजूंनी धावायला लागल्या.

औषधाने कातडी काळपट होते. माझीही झाली. एक पोट्टी म्हणाली, "मावशी, तुम्ही लयच काऱ्या पडून राहिल्या."

"उन्हात धावते ना."

"आता तं सूर्य बी निघाला नाही, मावशी."

मी जोरात पळाले. तेवढंच सुचलं. पण त्या दिवसापासून मला खोटं बोलण्याचा कंटाळा यायला लागला. आजारापेक्षा तो टेनिस एल्बो जड झाला.

एका तपासणीत सरांनी पुन्हा डोळे मिटायला सांगितले. मला करंगळीवर स्पर्श जाणवला. अगदी नक्की. मी म्हटलं, "हो!" आणि डोळे उघडले. सरांचा पेन त्यांच्या खिशात होता.

"आता मी काहीच नाही लावलो, बाई," ते म्हणाले. त्यांनाच वाईट वाटत होतं. "होते असं. खूप पाहिजे असला की लागते." त्यांनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी मी वाट बघत थांबले. अनामिकेवर काहीतरी लागलं. अगदी बारीक, पण लागलं. डोळे न उघडताच मी बोट ठेवलं. सर म्हणाले, "हे खरं."

कागदी कप

पट्टी निघाली आणि डॉक्टरांनी हळूहळू काम सुरू करायला हरकत नाही म्हणून सांगितलं. तेलाची आच आता उजव्याच हाताने बघायची, एवढं पथ्य. सरही म्हणाले, तुमच्यापासून कोणाला धोका नाही, कोणाला सांगायची गरज नाही. पण मला माझं मन माहीत होतं. न सांगता कोणाच्या पाठीवर हात ठेवला असता, तर मी हाताने मालिश केली असती आणि डोक्याने पळत राहिले असते.

विलासशी जोरात भांडण झालं. "दुकान बंद करायचं आहे का तुले?" ते म्हणाले, आणि मग काही दिवस माझ्याशी बोलायचं बंद. पण ज्या संध्याकाळी मी कटरे मॅडमकडे निघाले, त्या संध्याकाळी गाडी बाहेर काढून उभे राहिले. मॅडमच्या फाटकाशी मला उतरवलं आणि इंजिन बंद केलं नाही. मी विचारलं, का? "तिनं हाकललं तं लवकर निघता येईल," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग शाळेतल्यासारखं विचारलं, "गोळ्या चुकवत नाहीस ना? पाकीट दाखव." मी पिशवीतून पाकीट काढून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून उलटसुलट बघितलं. परत दिलं. आणि म्हणाल्या, "आज नको. उद्या ये."

मला वाटलं, संपलं. सभ्य माणसं असंच नाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी जायचं नाही असंच ठरवलं होतं, सासूबाईंनी ढकलून पाठवलं. मॅडमचं दार उघडं होतं आणि चटई अंथरलेली होती. "काल मला भीती वाटली," त्या म्हणाल्या. "आज कमी आहे. बस." मी गुडघ्यांना तेल लावायला घेतलं. बोलायचं काम नेहमीप्रमाणे त्यांनीच केलं.

सगळीकडे असं झालं नाही. ज्या घरी मी निदानाच्या सकाळी बाळाला तेल लावलं होतं, त्या घरीही गेले. बाळ आता बसायला लागलं होतं. गुबगुबीत, निरोगी, आजीच्या मांडीवर बसून माझ्याकडे बघून हसलं. मी सांगितलं. आजी वाईट काही बोलल्या नाहीत. आता बाळ मोठं झालं, मालिश बंदच केली, एवढंच म्हणाल्या. मग चहा आला. घरच्यांचा कपबशीत, माझा कागदी कपात. त्या घरात कागदी कप असतो हे मला त्या दिवशी कळलं. मी चहा पूर्ण प्यायले, कप चुरगळून स्वतःच्या पिशवीत ठेवला आणि बाळाच्या गालाला हात न लावता निघाले. तेवढं मात्र फार अवघड गेलं.

अजून काही जणी आल्या नाहीत. बाळंतिणींचं काम जवळपास गेलं. सांगितल्याचा मला पश्चात्ताप होतो का? काही दुपारी होतो. खोली रिकामी असते, तेल गार होतं, आणि मी पाटीकडे बघत बसते. सासूबाई मग सतरंजी घेऊन येतात. त्यांची कंबर आता फारच वारंवार दुखायला लागली आहे.

पाठ

पाटी वाचून एक नवी बाई आली. गोंदियाहून लग्न होऊन आलेली, निम्मं हिंदी बोलणारी. शिलाई मशिनवर बसून तिची पाठ भरून यायची. तिला मी नेहमीप्रमाणे आधीच सांगायला लागले, तर तिने बोलूच दिलं नाही. "अरे दीदी, बाद में, पहले पाठ बघा ना, मरून राहिली मी," म्हणत ती पालथी झालीसुद्धा. म्हटलं, ठीक आहे, तेल कोमट होईपर्यंत सांगू. मी तिचं पोलकं सैल केलं आणि थांबले.

उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली एक फिकट चट्टा होता. माझ्यासारखाच. पाठीवरची ही जागा माणसाला स्वतःला कधीच दिसत नाही. आरशातही धड दिसत नाही. ती फक्त दुसऱ्याला दिसते, आणि तिच्या बाबतीत तो दुसरा माणूस मी होते. मी त्यावर हळूच बोट टेकवलं.

"इथे मी हात लावला ते कळलं?"

"कुठे?"

 माझी अर्धी खोली आधीच रिकामी झाली होती. हे बोलले की ही बाईही जाणार, आणि जाताना गल्लीत चार जणींना सांगणार. मी तेलाची वाटी बाजूला ठेवली.

"काय झालं दीदी? नस आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "नस नाही. उठून बस."

ती पदर ओढून उठून बसली. मी तिला चट्ट्याचं सांगितलं. चट्टा म्हणजे तोच असं नाही, पण तपासून घ्यायला पाहिजे, कारण लवकर कळलं तर हात-पाय वाचतात. तिचा चेहरा पडला. "तुम्हाला कसं माहीत?" तिने विचारलं. मी बाही वर सरकवली आणि माझा चट्टा दाखवला. मग करंगळी दाखवली. "मला होता. गोळ्या घेतल्या. हेच तर तुला आधी सांगत होते."

ती माझ्या हाताकडे बघत बसली. मग माझ्या तोंडाकडे. मी तिच्या जाण्याची वाट बघत होते. सासूबाई आतल्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"मी एकटी नाही जाणार," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "वहाँ अकेले नहीं जाऊंगी. तुम्ही याल?"

मी तेल झाकलं, दाराला कडी घातली आणि आम्ही निघालो. दवाखाना चालत जाण्याइतकाच दूर आहे. मी एरवी तेवढं अंतर धावत जाते, त्या दिवशी आम्ही सावकाश चाललो. ती आपल्या लेकीबद्दल बोलत होती, नवऱ्याला काय सांगायचं त्याबद्दल बोलत होती, मध्येच गप्प होत होती. दवाखान्याचं फाटक दिसलं तशी ती थबकली आणि तिने माझा हात धरला. घट्ट, मुठीत.

डावा होता. तिने बघितलं नव्हतं. तिचा तळवा गार पडला होता आणि घामाने ओला झाला होता. ते मला अनामिकेपर्यंत नीट कळलं. करंगळीचं मी अजून नक्की सांगत नाही.